कुत्र्याची जात लिहा, कान मोजा

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की मी क्लिनिकमधून घरी येते ती दोन गोष्टी घेऊन: कपड्यांवर कुत्र्यांचे केस आणि डोक्यात राग. केस झटकले की जातात. राग जेवायच्या मेजावर बाहेर पडतो. मग सासूबाईंपासून शेजारच्या वहिनीपर्यंत सगळे विचारतात, "सुलभा, आजचा किस्सा काय?" मी चिडून सांगते, ते हसतात. अकरा वर्षं हेच चाललंय. किस्से जमवावे म्हणून कोणी जमवत नाही. रोजचा राग कुठे टाकायचा ते कळत नाही, म्हणून किस्से साठतात.

आधी ओळख करून देते. पेडण्यात बाजारापासून थोडं वर आमचं जनावरांचं क्लिनिक आहे. डॉक्टर एक, मी एक, आणि गाडी चालवणारा दोडामार्गचा बापू. खाली किनाऱ्याला, मांद्रे-हरमलच्या बाजूला, परदेशी माणसं सहा-सहा महिने राहतात, कुत्र्यांत जीव गुंतवतात आणि जाताना त्यांना घेऊन जायचं म्हणतात. आपली माणसंही पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडला जातात, त्यांनाही घरचं सुणें, म्हणजे कुत्रं, मागे टाकून जाववत नाही. डॉक्टर सुया टोचतात, कागद मी करते. कातडीखाली ओळखीची चिप, रेबीजची लस, रक्ताची तपासणी, मग महिनोन् महिने थांबणं, आणि शेवटी प्रवासाचा दाखला. लोक मला 'कुत्र्यांची व्हिसावाली' म्हणतात. म्हणू देत. एक दिवस माझ्या खुर्चीत बसून बघा म्हणावं.

*

हळर्णची अंकिता लग्न होऊन जर्मनीला निघाली होती. तिचा कुत्रा शेरू किल्ल्याच्या पडक्या भिंतीपाशी सापडलेला. पिवळा, शेपटीला गाठ, नजर अशी की आपणच काहीतरी चुकलोय असं वाटावं. फॉर्मवर 'ब्रीड' असा रकाना असतो. मी 'लोकल' लिहिलं. फॉर्म परत आला. 'इंडियन' लिहिलं. परत आला. शेवटी मी फोन लावला. ऑफिस कुठलं ते सांगत नाही, पुन्हा त्यांच्याच दारात जायचं असतं मला.

"मॅडम, ब्रीड लिहा."

"लिहिलंय ना. इंडियन."

"ती नॅशनॅलिटी झाली. जात कुठाय?"

"जात नाही हो त्याला. रस्त्यावरचा आहे."

"जात नाही असं चालत नाही, मॅडम. जात प्रत्येकाला असते."

हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा ऐकलंय. कुत्र्याच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकलं. मी फोन आपटला. डॉक्टरांनी फॉर्म ओढून घेतला आणि रकान्यात लिहिलं, 'अलोर्ना हाउंड'.

"डॉक्टर, हे खोटं आहे."

"हळर्णात जन्मला. त्याला इंग्रजीत अलोर्ना म्हणतात. हाउंड म्हणजे कुत्रा. ह्यात खोटं काय ते दाखव."

फॉर्म त्याच दिवशी पास झाला.

शेरू जर्मनीला पोचला. अंकिताने त्याचा बर्फातला फोटो इंटरनेटवर टाकला, खाली जातीसकट. दोनेक महिन्यांनी पुण्याहून एका गृहस्थांचा फोन. आवाज मोठा अदबशीर. "तुमच्याकडे अलोर्ना हाउंडचं पिल्लू मिळेल का? पण प्युअर पाहिजे हं. मिक्स नको."

मी म्हटलं, "हळर्णच्या बसस्टॉपवर जा. तिथली सगळी प्युअर आहेत."

*

एक छोटा. डिचोलीचे एक कॉन्ट्रॅक्टर, मुलीकडे कॅनडाला निघालेले. सोबत त्यांचा पग. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना वर श्वासाचा त्रास होतो, म्हणून बऱ्याच कंपन्या त्यांना विमानाच्या पोटात घेत नाहीत. नियम बरोबरच आहे. पण तो सांगायला लागतो मला. मी सांगितलं, तसे ते टेबलावर ओणवून माझ्याजवळ आले.

"बाय, माझं नाक बघ. नीट बघ. आणि मी घोरतो किती ते घरी येऊन विचार. मला पंचवीस वर्षं नेतायत ना विमानातून?"

"तुम्ही सीटवर बसता, भाऊ."

"मग त्याला सीट द्या. मी खाली बसतो."

थट्टा वाटली ना? ते थट्टा करत नव्हते. मुलीकडे जायचा बेत त्यांनी त्या दिवशी रद्द केला. कुत्र्याला कोणाकडे ठेवणार, असं विचारायचे. मुलीनेच पुढे डिसेंबरात यायचं ठरवलं.

*

ही गोष्ट खंड्याची. किनाऱ्यावर एक फ्रेंच बाई राहायची, नाव क्लेअर. मनाने फार चांगली, ते आधी सांगते. ती एका काळ्या कुत्र्याला घेऊन आली. म्हणे उपाशी होता, बेघर होता, रोज तिच्या दारात यायचा. नाव ठेवलं मँगो. चिप झाली, लस झाली, रक्त तपासून आलं. आम्हाला तरी काय माहीत?

शेवटच्या फेरीला ती त्याला घेऊन बाहेर बाकावर बसली होती. समोरून मांद्र्याची सुनंदा निघाली होती, डोक्यावर मासळीची पाटी. ती थांबली. पाटी खाली ठेवली.

"गो बाय, हो आमचो खंड्यो मगे?"

कुत्रा उठून शेपटी हलवायला लागला. क्लेअर म्हणाली, "मँगो, सिट." कुत्रा बसला. सुनंदा म्हणाली, "खंड्या, हांगा यो." कुत्रा परत उठला. दोघींमध्ये मी दुभाषी.

"तिला सांग, तो उपाशी होता," क्लेअर म्हणाली.

मी सांगितलं. सुनंदाचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागे सरकले. "उपाशी? सकाळीं सुंगटाचां हुमण नि शीत खाऊन भायर सरलो तो. हिच्या दारात जाता तो नाश्त्याक."

कोळंबीची आमटी आणि भात, असं मी क्लेअरला सांगितलं. तिचा विश्वास बसेना. तिने फाइल उघडली. चिपचा नंबर, मालकाचं नाव, तपासणीचा अहवाल, सगळं तिच्या नावावर. कायद्याने कुत्रा तिचाच. मला विचाराल तर माझा राग तिथेच आहे. कुत्र्याला सहा वर्षं जेवू घालणारीकडे एक चिटोरं नाही, म्हणून ती कोणीच नाही. आणि ते चिटोरं केलं कोणी? मीच.

सुनंदाने फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "तिका सांग, व्हरतंस तर व्हर. पण एकट्याक व्हरू नको. तेची बायल नि पाच पिलां पण व्हर. ती कोण पोसतलो?"

मी सांगितलं. नेतेस तर ने, पण एकट्याला नको. "बायको आणि पाच पिल्लं?" क्लेअरने दोनदा विचारलं. मग ती रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. खंड्या सुनंदाच्या पाटीमागून घरी गेला. पुढच्या हंगामात क्लेअर परत आली ती सरळ सुनंदाच्या दारात. त्या पाचांतली एक आता फ्रान्समध्ये आहे. तिच्या फॉर्मवर मी सुनंदाचं नाव घातलं. तसा रकाना नव्हता. समासात घातलं.

*

बापूचं दुखणं वेगळं. कुत्र्यांना मुंबईपर्यंत पोचवायचं काम त्याचं. तो सांगतो की समुद्रापलीकडच्या सीमा सोप्या आहेत, अवघड आहे ती आपलीच.

एकदा एका नाक्यावर त्याची गाडी अडवली. गोव्याहून येणारी गाडी म्हटली की आधी बाटल्या शोधतात. मागे दोन पिंजरे, वर चादर. शिपायाने चादर उचलली. पुढच्या पिंजऱ्यात लॅब्रेडॉर. तो शिपायाचा हात चाटायला लागला. शिपायाने हात पुसला आणि कागद मागितले. बापूने फाइल दिली. चाळीस पानं, प्रत्येकावर शिक्के. शिपायाने सगळी उलटली आणि मान हलवली. मला बापूचा फोन.

"वयनी, हे म्हणतत युरोपाक जावचो कागद आसा. महाराष्ट्रात जावचो खंय आसा?"

मी शिपायाला फोन द्यायला सांगितला. पंधरा मिनिटं समजावलं. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याचा एकच प्रश्न: इथून तिथे जायची परवानगी कोणी दिली? शेवटी डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर मराठीत लिहिलं, 'हे दोन कुत्रे महाराष्ट्रातून जातील. महाराष्ट्रात राहणार नाहीत.' खाली सही, शिक्का. मी फोटो काढून पाठवला. गाडी सोडली.

विमानतळावर पोचला तर दुसरंच. पिंजऱ्याच्या उंचीचा नियम असतो. कुत्रा उभा राहिला की डोकं छताला लागता कामा नये. कान उभे असतील तर कानांपासून मोजायचं. लॅब्रेडॉरचा प्रश्न नाही, त्याचे कान लोंबते. पण त्याच गाडीत दुसरी होती, हरमलची टिकली. आम्ही मोजली तेव्हा शांत होती, कान आडवे. काउंटरवरचा माणूस पिंजऱ्यावर हात आपटून मोठ्या आवाजात बोलायला लागला, तसे टिकलीचे कान ताठ उभे. छताला लागले.

"पिंजरा छोटा आहे. रिजेक्ट."

बापू म्हणाला, "साहेबानू, तुमी जरा आवाज बारीक करा. कान आपसूक खाली येतले."

त्याने आवाज बारीक केला नाही. लॅब्रेडॉर गेला. टिकली हजारभर किलोमीटरची फुकटची सहल करून पेडण्याला परत आली, आणि पंधरा दिवसांनी मोठ्या पिंजऱ्यातून पुन्हा निघाली. बापू सांगतो, त्या खेपेला काउंटरवर एक मुलगी होती. तिने वाकून विचारलं, "काय गं, झोप झाली का?" टिकलीने डोळेसुद्धा उघडले नाहीत. कान सगळा वेळ आडवे.

*

आता मुळगावच्या विश्रामकाकांचं सांगते. हे घरी सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही.

काका खाणीवर मशीन चालवायचे. खाण बंद पडल्यावर आपल्या शेतात आले. बायको वारलेली. मुलगा नीलेश, सून आणि आठ वर्षांची नात रिया इंग्लंडला निघाली, आणि त्यांच्याबरोबर जिमी जायचा होता. तपकिरी, साधाच कुत्रा. पण दुसऱ्या कुठल्या तरी दवाखान्यात त्याला आधी लस टोचली आणि आठवड्याने चिप बसवली. नियम उलटा आहे, आधी चिप, मग लस. चिपच्या आधीची लस धरतच नाहीत. म्हणजे सगळं पहिल्यापासून, पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा महिने. माणसांची तिकिटं झालेली, ती गेली. जिमी काकांकडे राहिला, आणि फाइल माझ्याकडे आली.

काका पहिल्यांदा आले तेव्हा जिमीला दोरीने असे धरून होते, जसा शेजाऱ्याचा बैल धरावा. घरात ते त्याला ओसरीच्या वर घेत नसत, असं नीलेशनेच मला सांगितलं होतं. त्यांना लसीचं समजावलं तर म्हणाले, "सुणें तेंच, सुई तीच, हात तोच. मग पयली लस गेली खंय?"

मी पुढची तारीख लिहून दिली.

दुसऱ्या खेपेला जिमी स्कूटरवर पुढे, काकांच्या पायांमध्ये बसून आला. तिसऱ्या खेपेला त्याच्या गळ्याभोवती काकांचा टॉवेल होता, वारं लागतं म्हणून. रांगेत बसल्या बसल्या काका खिशातून पोई, म्हणजे गोव्याचा पाव, काढायचे, अर्धी त्याला, अर्धी स्वतःला. आणि त्याच्याशी बोलायचे. हळू, नीट, सगळं. नांगरणीचं, कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या माकडांचं, शेजारच्या भिंतीच्या भांडणाचं. जिमी ऐकायचा.

नीलेश दर आठवड्याला फोन करायचा. "मॅडम, कधी होणार? रिया रोज रडते."

रियाचं मला खरंच वाईट वाटायचं. पण एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि काका?"

"बाबांचं काय?"

"ते एकटे पडतील."

"त्यांना सवय आहे, मॅडम. त्यांची फाइल बघू नंतर."

मी फोन ठेवला आणि उठून मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. एकटं राहायची सवय असते असं ज्याला वाटतं, त्याने ती करून बघावी. कुत्र्यासाठी सहा महिने दर आठवड्याला फोन, आणि बाप नंतर. माझं काम कागदाचं.

प्रवासाच्या आदल्या दिवशी शेवटची तपासणी असते. डॉक्टरांनी कुत्रा प्रवासाला योग्य आहे असं लिहून सही करायची. जनावर जेवत नाही, मलूल आहे, असं मालकाने सांगितलं तर डॉक्टर दाखला थांबवू शकतात. मग तारखा हुकतात, पुन्हा सगळं लांबतं. काकांना हे ठाऊक होतं. मी स्वतःच त्यांना आधी सांगितलं होतं, आणि सांगताना थोडं जास्तच सावकाश सांगितलं होतं.

डॉक्टरांनी जिमीचे दात बघितले, छाती ऐकली, ताप बघितला. सगळं उत्तम. मग पेन हातात घेऊन विचारलं, "जेवतो का?"

"जेवता," काका म्हणाले.

"नीट आठवून सांगा. काल रात्री?"

"शीत, कडी. वर दोन सुके बांगडे."

"आज सकाळी?"

"उंडो पाव खाल्लो. अख्खो."

"कधी सुस्त वाटला? कोपऱ्यात बसून राहिला? एखाद दिवस तरी?"

डॉक्टर इतके प्रश्न कधी विचारत नाहीत. काकांनी जिमीच्या डोक्यावर हात ठेवला.

"डॉक्टर, सुण्याच्या नावार खोटें कशें सांगूं?"

डॉक्टरांनी सही केली.

बाहेर बापू पिंजरा घेऊन उभा होता. पिंजऱ्यात मालकाचा अंगावरचा कपडा ठेवायला सांगतात, ओळखीचा वास असला की कुत्रा घाबरत नाही. नीलेशने त्यासाठी इंग्लंडहून कुरिअरने आपला टी-शर्ट पाठवला होता. धुतलेला, घडी घातलेला. मी तो आत पसरला. जिमी आत गेला, त्याने टी-शर्ट हुंगला, पायाने ढकलत दारापर्यंत आणला आणि बाहेर टाकला. मी परत ठेवला. त्याने परत बाहेर टाकला.

काका शर्टाची बटणं सोडायला लागले. निळ्या रेघांचा शर्ट, काखेत घामाचे डाग. तो त्यांनी काढला, आत अंथरला, चारी कोपरे नीट केले. जिमी त्यावर बसला आणि हनुवटी टेकली.

इतक्यात नीलेशचा फोन. "मॅडम, माझा टी-शर्ट ठेवला ना आत?"

मी काकांकडे बघितलं.

"दवरला म्हणून सांग," काका म्हणाले.

मी सांगितलं, ठेवलाय. बापूने गाडीचं मागचं दार लावून घेतलं. काकांनी खाली पडलेला टी-शर्ट उचलला, झटकला, पुन्हा त्याच घडीवर घडी घातली आणि स्कूटरच्या डिकीत ठेवला. मग बनियनवरच स्कूटर चालू केली आणि भर बाजारातून मुळगावच्या वाटेला लागले.